अमेरिकेत गुन्हा सिद्ध न होताच पोलीस माणसाची रोकड किंवा गाडी कायमची सरकारजमा करू शकतात, असं वाचलं. हे खरंच कायदेशीर आहे का? आणि न्याय्य?

कायदेशीर आहे, बहुतेक राज्यांत आणि केंद्रीय कायद्यातही. न्याय्य मात्र मला अजिबात वाटत नाही.

तिथे फौजदारी खटल्याशिवाय दिवाणी मार्गानेही मालमत्ता सरकारजमा करता येते. हा दावा माणसावर नसतो, वस्तूवर असतो. खटल्यांची नावंसुद्धा तशीच असतात. 'अमेरिका विरुद्ध अंदाजे ६४,६९५ पौंड शार्कचे पर' हा खरोखरचा खटला आहे. मूळ कल्पना समुद्री कायद्यातली: जहाजाचा मालक हाती लागत नाही, मग जहाजच धरा. मालकाला आधी दोषी ठरवायची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने 'पामायरा' जहाजाच्या प्रकरणात १८२७ सालीच सांगून टाकलं. पण ज्या माणसाला महामार्गावर अडवून त्याची गाडी नेली, तो तर समोर उभा असतो. त्याला तोच नियम का लावायचा, याचं पटेल असं उत्तर मला कुठल्याच निकालात सापडलं नाही.

माणूस आरोपीच नाही म्हटल्यावर आरोपीला मिळणारं संरक्षणही त्याला नाही. सरकारी खर्चाने वकील जवळजवळ कधीच मिळत नाही. केंद्रीय कायद्यात २००० साली सुधारणा झाली आणि पुराव्याचा भार मालकावरून सरकारवर आला, पण तोही फक्त 'असं असण्याची शक्यता जास्त' इतकाच. 'वाजवी संशयापलीकडे' सिद्ध करावं लागत नाही.

मालक निर्दोष असला तरी सुटका होईलच असं नाही. मिशिगनमध्ये एका बाईच्या नवऱ्याने दोघांच्या मालकीच्या जुन्या गाडीत वेश्येसोबत गैरकृत्य केलं. तिला त्याचा पत्ताही नव्हता, तरी गाडीतला तिचा हिस्सा गेला आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते ग्राह्य धरलं. केंद्रीय कायद्यात आता निर्दोष मालकाला बचाव आहे, राज्यांचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं.

इंडियानातल्या टायसन टिम्ब्सचं प्रकरण उलट आहे. तो दोषी होताच. काहीशे डॉलरचं हेरॉइन विकल्याचं त्याने कबूल केलं. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड १०,००० डॉलर. पोलिसांनी मात्र त्याची साधारण ४२,००० डॉलरची लँड रोव्हर नेली, आणि ती त्याने वडिलांच्या विम्याच्या पैशांतून घेतली होती, ड्रग्जच्या नव्हे. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की अवाजवी दंडाला असलेली घटनेतली मनाई राज्यांनाही लागू आहे. निकाल चांगलाच. पण २०१३ मध्ये नेलेली गाडी त्याच्या हातात परत आली ती २०२० मध्ये! एवढी वर्षं लढायला प्रत्येकाकडे वकिलांची संस्था पाठीशी नसते. हजार-दोन हजार डॉलर गेलेला माणूस वकिलाची फी ऐकूनच नाद सोडतो.

२०२४ मध्ये हा उशीर कमी करायची संधी आली होती. अलाबामातल्या दोन स्त्रियांनी आपापल्या गाड्या दुसऱ्याला चालवायला दिल्या, त्यात ड्रग्ज सापडले, गाड्या गेल्या. शेवटी दोघींनाही गाड्या मिळाल्या, पण वर्षाहून जास्त काळाने. निकाल लागेपर्यंत गाडी पोलिसांकडे का राहावी, यावर लवकर सुनावणी घ्या, एवढीच त्यांची मागणी होती. सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती फेटाळली.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो पैशाचा रस्ता. १९८४ च्या कायद्यापासून सरकारजमा झालेले पैसे न्याय खात्याच्या स्वतंत्र निधीत जातात आणि स्थानिक पोलिसांना त्यातला ८० टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. राज्याचा कायदा कडक असेल तर पोलीस प्रकरण केंद्रीय यंत्रणेकडे वळवतात आणि वाटा घेतात. ज्याने जप्त करायचं त्याच्याच खात्याचं बजेट त्यातून भरणार असेल, तर अधिकारी कितीही प्रामाणिक असो, संशयाला जागा राहतेच. न्यू मेक्सिकोने २०१५ मध्ये आणि मेन राज्याने २०२१ मध्ये ही दिवाणी पद्धत बंद केली. न्यू मेक्सिकोत तर हे पैसे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातात. मला हेच बरोबर वाटतं.

तरी एक अपवाद मी मान्य करतो. मालक मेला किंवा परागंदा झाला तर दोषी कोणाला ठरवणार? बर्नी मॅडॉफच्या फसव्या गुंतवणूक योजनेच्या घोटाळ्यात एका मृत गुंतवणूकदाराच्या इस्टेटीकडून २.२ अब्ज डॉलर याच दिवाणी मार्गाने वसूल झाले आणि ते फसवल्या गेलेल्यांसाठी वापरले गेले. अशा ठिकाणी हा कायदा हवा.

तुम्ही किंवा घरचं कोणी तिकडे असाल तर एवढं लक्षात ठेवा. देशांतर्गत प्रवासात रोकड बाळगणं गुन्हा नाही. सीमा ओलांडताना १०,००० डॉलरच्या वर असेल तर जाहीर करावी लागते. 'हे पैसे माझे नाहीत' असं लिहिलेल्या कागदावर रस्त्यात सही करू नका. केंद्रीय यंत्रणेची नोटीस आली तर त्यात दोन वाटा दिलेल्या असतात: माफीचा अर्ज, म्हणजे वस्तू परत द्या अशी विनंती, आणि दावा, म्हणजे वस्तू माझी आहे असं सांगून जप्तीला आव्हान. अर्जाचा निर्णय जप्त करणारी यंत्रणाच घेते. दावा केला तर सरकारला एक तर वस्तू परत द्यावी लागते, नाहीतर कोर्टात जावं लागतं. त्याची मुदत नोटिशीतच छापलेली असते, साधारण ३५ दिवस. ती चुकली तर न्यायाधीशाने एक कागदही न बघता पैसे सरकारजमा होतात.