पहिला एचएफ सेट घेताना

भाऊ, हॅम रेडिओसाठी पहिला एचएफ (शॉर्टवेव्हचा, लांबवर बोलायचा) सेट घेतोयस, तर शंभर वॅटच्या सेटवर सगळे पैसे लावू नकोस. बजेटचा मोठा वाटा अँटेना, चांगली केबल आणि पॉवर सप्लायसाठी राख. शंभर वॅटचा सेट 13.8 व्होल्टवर वीस-बावीस अँपिअर ओढतो, हे दुकानदार सांगतोच असं नाही. स्वस्त एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) खरखराट तर थेट रिसीव्हरमध्ये शिरतो.

तुझं घर शेताजवळ, म्हणजे मोटारींचे स्टार्टर आणि सोलर इन्व्हर्टर आहेतच, त्यांचाही खरखराट येणार. त्यामुळे पॉवरपेक्षा रिसीव्हर बघ. आयकॉम आयसी-7300 मध्ये पडद्यावर बँड (लहरींचा पट्टा) दिसतो, खरखराट दाबणारा नॉइज ब्लँकरही आहे. नवशिक्याला यावर पटकन शिकता येतं, माझा कौल त्यालाच. तेवढे पैसे नसतील तर हैदराबादच्या अशहर फरहान यांचा मायक्रोबिटएक्स हा छोटा सेट आहे. साधारण दहा वॅट, पण आतलं सर्किट समजतं, आणि ते समजणं फार मोलाचं.

सुरुवात 40 मीटर तरंगलांबीच्या बँडने कर. डायपोलच्या, म्हणजे साध्या तारेच्या अँटेनाच्या, दोन्ही बाजू मिळून तार सुमारे 20 मीटर लागते. गच्चीवर मधे बांबू उभारून दोन्ही टोकं खाली उतरवलीस तरी चालेल. दिवसा महाराष्ट्रभर बोलता येईल.

मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा एफटी-8 वर (संगणकाने संदेश पाठवायच्या पद्धतीत) पॉवर निम्म्याहून कमी ठेव. त्यात सेट सलग बारा-तेरा सेकंद पाठवत राहतो, फायनल (शेवटच्या टप्प्यातले, पॉवर देणारे) ट्रान्झिस्टर भाजतात. जुना सेट घेणार असशील तर डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा रोध) आणि वॅटमीटर लावून प्रत्येक बँडवर विकणाऱ्यालाच पाठवून दाखवायला सांग, मगच पैसे दे. आणि परवाना हातात आल्याशिवाय पीटीटी (बोलायचं बटण) दाबायचं नाही. तोवर मनसोक्त ऐक.