मामांना उलट बोलली म्हणून इकॉनॉमिक्स सोडायचं?

नमस्कार सर,

पत्र दोनदा वाचलं. चार पानांच्या पत्रात लेकीच्या मार्कांवर दीड ओळ (इकॉनॉमिक्सच्या सेकंड इयरला ८.२, म्हणजे चांगलेच की हो) आणि बाकी सगळी दिवाळी. न्यू जर्सीहून मामा आले, फराळाला बसल्यावर ट्रम्पचा विषय निघाला, मामा म्हणाले टॅरिफ लावलं ते बरोबरच केलं, आता भारत आणि चीन पैसे भरतील, त्यावर लेक म्हणाली मामा टॅरिफ भारत भरत नाही, तुमच्याकडचा माल मागवणारा भरतो, मग आवाज चढले आणि मामा चिवड्याची ताटली तशीच ठेवून उठले. आता त्यांची अट अशी की आधी माफी, मग इकॉनॉमिक्स सोडून डेटा सायन्स, तरच एमएसला मदत. आणि बावीस वर्षं शाळेत शिकवलेले तुम्ही मला लिहिता, "तिला जरा समजावून सांगा."

नाही सांगणार सर. तुमचं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये, "मुलीच्या जातीने मोठ्यांसमोर राजकारण बोलू नये." मुलगा असता तर हेच पत्र तुम्ही "पोरगा फार हुशार आहे, वादात कुणाला ऐकत नाही" असं कौतुकाने लिहिलं असतं, खरं सांगा. वर्गात एखाद्या पोरीने हात वर करून सर तुमचं चुकलं म्हटलं तर काय करता तुम्ही? बसवता खाली? मार्क, कोर्स, फी याचं बघता येईल, पण घरात तोंड उघडायची किंमत शिक्षण असेल तर तिथे माझं काउन्सेलिंग काय करणार.

आता टॅरिफचं, कारण भांडण त्यावरून झालं आणि हा गैरसमज सोलापुरात काय नि न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये काय, सगळीकडे सारखाच आहे. टॅरिफ म्हणजे आयात शुल्क, ते अमेरिकेच्या कस्टम्सला भरतो अमेरिकेतला आयातदार. भारत सरकार चेक पाठवत नाही. इथवर लेक शंभर टक्के बरोबर. पण कागदावर भरणारा एक आणि खिशाला चाट बसणारा दुसरा असं होऊ शकतं, आणि तिथे मामाही अगदीच चूक नाहीत, कारण आयातदार तो बोजा थोडा स्वतः सोसतो, थोडा गिऱ्हाइकावर टाकतो आणि थोडा माल पाठवणाऱ्याला भाव पाडायला लावून वसूल करतो. कुणाच्या वाट्याला किती हे वस्तूवस्तूवर ठरतं. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी पहिल्या टर्मला आयात वॉशिंग मशीनवर टॅरिफ लावलं तेव्हा अमेरिकेत मशीन साधारण १२ टक्के महागलं, आणि गंमत म्हणजे कपडे वाळवायचं ड्रायर पण महागलं, ज्याच्यावर टॅरिफ नव्हतंच! लोक दोन्ही जोडीने घेतात ना, मग कंपन्यांनी वाढ दोन्हीत वाटून टाकली.

आणि पत्रात तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंय ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. "कॉलेज सोडून मैत्रिणीच्या वडिलांच्या टॉवेल कारखान्यात जाते, तिथे बायकांना पगार नि ऑर्डरी विचारत बसते." अहो सर! २७ ऑगस्ट २०२५ ला बऱ्याच भारतीय मालावरचं टॅरिफ २५ चं ५० टक्के झालं, रशियाचं तेल घेतो म्हणून, आणि त्यानंतर तिकडचा खरेदीदार किती डिस्काउंट मागतोय, किती शिफ्ट बंद झाल्या हे ती वहीत लिहून आणतेय. टीव्हीवर ओरडणाऱ्या निम्म्या लोकांनी हे केलेलं नसतं. मी इतकी वर्षं मुलांना विचारते की इकॉनॉमिक्स का, तर उत्तर येतं "स्कोप आहे मॅडम". तुमच्या पोरीने न विचारता उत्तर दिलंय, आणि तुम्ही ते गुन्ह्यांच्या यादीत टाकलंय.

आता लेकीला दोन शब्द, कारण पत्र तीही वाचणार हे मला माहितीये. अगं बाई, तू शेवटी मामांना म्हणालीस की वर्षभरात अमेरिका बुडणार. कशावरून? आणि त्यांनी बायडेनच्या काळातली महागाई काढली, जून २०२२ मधली ९.१ टक्क्यांची, तर तू "ते युक्रेनच्या युद्धामुळे" म्हणून झटकून टाकलंस. युद्ध होतंच, कोविडनंतर माल अडकला होता हेही खरं, पण मार्च २०२१ मध्ये बायडेन सरकारने १.९ ट्रिलियन डॉलर अर्थव्यवस्थेत ओतले त्याचाही वाटा होता, आणि त्यातून महागाई भडकेल असं आधीच कोण म्हणालं होतं? लॅरी समर्स, क्लिंटनचे अर्थमंत्री, म्हणजे बायडेनच्याच डेमोक्रॅट पक्षाचे. मामांनाही सांग, ट्रम्पच्याच रिपब्लिकन पक्षाच्या धाकट्या बुशचे आर्थिक सल्लागार ग्रेग मॅन्किव टॅरिफच्या विरोधात बोलतात, आणि चीनवरचं ट्रम्पचं टॅरिफ बायडेननी काढलं तर नाहीच, उलट २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के केलं. मग कोण कुठल्या पक्षाचं? मिशिगन युनिव्हर्सिटी तिथल्या लोकांना अर्थव्यवस्थेबद्दल काय वाटतं याचा सर्व्हे दर महिन्याला करते, त्यात अध्यक्ष बदलला की एका पक्षाच्या लोकांना अचानक सगळं छान वाटायला लागतं आणि दुसऱ्यांना सगळं वाईट, पगार तोच, किराणा तोच. तुझ्या घरात फराळाला तेच झालं, फक्त सर्व्हेवाला नव्हता. वाद जिंकता येतो म्हणून इकॉनॉमिक्स घेऊ नकोस, त्यासाठी एलएलबी आहे. पुढच्या वेळी तुझ्या बाजूची एक चूक आधी स्वतः सांगून मग बोल, बघ मामा उठून जातात का.

सर, डेटा सायन्स घेतलं की ट्रम्पचा धक्का बसत नाही हे मामांनी कुठून आणलं माहीत नाही. सप्टेंबर २०२५ ची ती एक लाख डॉलरची एच-वन-बी (तिथल्या नोकरीच्या व्हिसाची) फी विषय बघून लावलेली नाही, ती नव्या अर्जांना लावली, आणि तिथेच शिकून स्टुडंट व्हिसावरून बदलून घेणाऱ्यांना ती नाही असं त्यांच्या इमिग्रेशन खात्यानेच ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. गणिताचं इकॉनॉमिक्स, म्हणजे इकॉनोमेट्रिक्सवालं, तिथे स्टेममध्येच (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत) धरतात, शिकून झाल्यावर एक वर्ष अधिक दोन वर्षं कामाची मुभा मिळू शकते. पण नियम आज आहेत ते उद्या असतीलच असं नाही, त्यामुळे अमेरिकेवर सगळा डाव लावून, घर गहाण ठेवून कर्ज काढू नका, मग विषय कुठलाही असो.

इथलं म्हणाल तर पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी, सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेवरून बाकीची विद्यापीठं, एमए नंतर आयईएस (सरकारची इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस) किंवा रिझर्व्ह बँक, हे तिला पाठ असणार. मला काळजी वेगळीच आहे, तिचं गणित बारावीनंतर सुटलंय. बीएला स्टॅटिस्टिक्सचा एकच पेपर झालाय, त्यावर एमएचं पहिलं सेमिस्टर फार जड जातं, भल्याभल्या मुली रडताना बघितल्यात मी. म्हणून आत्तापासून रोज दोन तास कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स, तुमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांना पकडा, ट्रम्प तोवर कुठे जात नाही. आणि ती कारखान्याची वही तिने तारखेनिशी चालू ठेवायची, बंद नाही करायची.

मामांच्या पैशाचा विषय तुमच्यात आणि मेहुण्यात. आवाज चढवला म्हणून माफी मागायची असेल तर दोघांनी मागावी, टॅरिफवर बोलली म्हणून कुणीच नाही. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, पाठवायच्या आधी तुम्ही वाचू नका.