पियानो, पाऊस आणि तुझा पहिला अल्बम

बाय, तुझी नऊही गाणी काल रात्री ऐकली. आईच्या रिकाम्या झोपाळ्याचं गाणं दोनदा लावलं, डोळे भरून आले. अल्बम त्यानेच सुरू कर.

पण त्यात पियानो फार बोलतो. तू गातेस त्याच सप्तकात उजवा हात फिरत राहतो आणि शब्द झाकले जातात. आपल्या दशावतारी नाटकातला पायपेटीवाला, पायाने भाता मारून पेटी वाजवणारा, बघ. नट पद म्हणत असताना तो हात राखून वाजवतो, ओळ संपली की जागा भरतो. अगदी तसंच कर. कॉर्ड बदलताना पेडल सोड, नाहीतर सगळं गढूळ होतं. आणि पट्टी, म्हणजे तुझा मूळ सा! काळी चारमध्ये तुझा आवाज वर ताणला जातो. अर्धा सूर खाली, पांढरी पाचमध्ये गाऊन बघ, दुःख गाण्यात आपोआप उतरेल, ओढून आणावं लागणार नाही.

रेकॉर्डिंग पावसाळ्यात नको. दमट हवेत लाकडी पियानोचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज घुमवणारी फळी, फुगतो, सूर चढतात. माझा पहिला अल्बम मी मालवणात ऐन जुलैत केला आणि पत्र्यावरचा पाऊस प्रत्येक टेकमध्ये आला. ते काम पुन्हा करावं लागलं, अजून वाईट वाटतं. तू दिवाळीनंतर कर. आधी पियानोचं ४४० हर्ट्झला, म्हणजे प्रमाण सुराला, ट्यूनिंग, मग माइक.

शब्द आणि चाल दोन्ही तुझी, म्हणून आयपीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत, गीतकार आणि संगीतकार अशी दोन्ही नोंद कर. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा तुझ्या रॉयल्टीचा वाटा राखतो. करार आला की सहीआधी मला दाखव.