पुदिन्याचं फूल आणि फिट

प्रश्न : पुदिन्यातल्या मेंथॉलमुळे फिट आटोक्यात येतात, असं संशोधन वाचलं. माझ्या १२ वर्षांच्या मुलीला फिटच्या गोळ्या चालू आहेत. घरात अमृतधारा असतेच. रोज दोन थेंब बत्ताशावर दिले तर चालेल का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : देऊ नका. अडचण मेंथॉलची नाही, त्याच बाटलीतल्या कापराची आहे.

पुदिन्याचं फूल (मेंथॉल), ओव्याचं फूल आणि कापूर समभाग घेऊन बाटलीत हलवले की तिन्ही कोरड्या खड्यांचं आपोआप पाणी होतं, तीच अमृतधारा. म्हणजे तिसरा हिस्सा कापूर. एका थेंबात साधारण १० ते १५ मिलिग्रॅम. कापराने फिट येते हे इतकं पक्कं, की १९३४ मध्ये बुडापेस्टच्या मेडुना या डॉक्टरने मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणायला कापराचंच इंजेक्शन वापरलं होतं. लहान मुलाच्या पोटात एक ग्रॅम कापूर गेला तरी जिवावर बेतू शकतं. त्यामुळे बाटली कुलपात हवी. चुकून प्यायलीच तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा; झटके पाच मिनिटांतही सुरू होतात.

आता मेंथॉल, म्हणजे पुदिन्याचं फूल. मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम ते वाढवतं. फेनोबार्बिटोन आणि क्लोबॅझम ही फिटची औषधं हेच करतात. शिवाय फेनिटोइन या फिटच्या औषधासारखं ते पेशीत सोडियम शिरण्याचे मार्गही रोखतं. उंदरांवरच्या प्रयोगांत झटके कमी झाले ते याच गुणांमुळे. पण फिटवरचं मान्यताप्राप्त औषध म्हणून मेंथॉल कुठेही मिळत नाही. चटणीच्या पुदिन्यात तर मेंथॉल नावापुरतंच. त्याचा वास असतो कार्व्होन या वेगळ्याच द्रव्याचा. चटणी खुशाल खाऊ द्या.

नाशिकच्या थंडीत नाक चोंदलं की निलगिरी तेलाची वाफ दिली जाते, तीही हिला नको, कारण निलगिरीनेही फिट येऊ शकते. साध्या पाण्याची वाफ पुरे. बामच्या डबीवर ‘कॅम्फर’ किंवा ‘कर्पूर’ लिहिलंय का, तेही बघा.

फिट आलीच तर कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल तर मुळीच नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. गोळी एक दिवसही चुकवू नका. आणि फिट आली त्या दिवशी बाम, वाफ, अमृतधारा यांपैकी काही वापरलं होतं का, हे वहीत टिपून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.