बाळ तीन आठवड्यांचे झाले तरी आईपण अंगवळणी पडत नसेल तर काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिले बाळ तीन आठवड्यांचे झाले आहे, ते निरोगी आहे, घरातील माणसे समंजस आहेत, तरीही दिवसातून दोन-तीनदा कारण नसताना रडू फुटते, बाळाकडे पाहून जी माया दाटून येईल असे वाटले होते ती येत नाही, आणि हे नवे जगणे अंगवळणी पडायला किती दिवस लागतात हे कोणी सांगत नाही. माझा मुलगा आता चार वर्षांचा आहे. त्याच्या जन्मानंतर पाचव्या आठवड्यात मी जे केले ते तिसऱ्याच आठवड्यात करायला हवे होते, असे मला आज वाटते. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

मायेचा प्रश्न आधी घेते, कारण तुम्ही तो सर्वांत शेवटी आणि बहुधा संकोचाने विचारला आहे. मुलाला माझ्या छातीवर ठेवले तेव्हा माझ्या मनात आलेला पहिला विचार ‘कळा थांबल्या’ हा होता. त्यानंतर कित्येक दिवस मी त्याचे सगळे नीट करत होते, पण कोणीतरी विश्वासाने ठेवायला दिलेली परक्याची मौल्यवान वस्तू सांभाळावी तशी. आपल्या भाषेत मुलगी ‘वयात येते’ आणि त्यासाठी तिला काही वर्षे दिली जातात. आईपणात येण्यासाठी मात्र प्रसूतीचा एक दिवस पुरेसा धरला जातो. डॅना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये या स्थित्यंतराला ‘मॅट्रेसन्स’ असे स्वतंत्र नाव दिले, ते याच कारणासाठी मला महत्त्वाचे वाटते: ज्याला नाव असते त्याला काळ लागतो हे मान्य करणे सोपे जाते.

शिवाय हा व्यवहार सुरुवातीला बराचसा एकतर्फी असतो. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचेच जरा स्पष्ट दिसते, म्हणजे पाजताना तुमचा चेहरा असतो साधारण तेवढ्या अंतरावरचे. तुमचा आवाज ते पोटात असल्यापासून ओळखते, पण ओळखल्याची खूण त्याला देता येत नाही. माणसाकडे पाहून हसणे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते. त्याआधी झोपेत ओठ हलतात ते हसू तुमच्यासाठी नसते. माझ्यापुरते सांगायचे तर माया हसण्यातून आलीच नाही. एका दुपारी मी मुलाची मूठ उघडून बोटांच्या बेचक्यांत अडकलेली दुपट्याची लव ओल्या कापसाने काढत होते. तळव्यातल्या रेषांत राखाडी धागे रुतले होते आणि त्यांना आंबट दुधाचा वास येत होता. एकेक बोट सरळ करायचे, पुसायचे, की ते पुन्हा मिटायचे. काम संपल्यावर बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले की मूठ मी अजून धरूनच बसले आहे. एवढेच. त्याआधीच्या पाच आठवड्यांत मी वाईट आई नव्हते. कामे हातांनी होत होती, मन मागून येत होते.

आता रडण्याविषयी. प्रसूतीनंतर वार पडली की गर्भारपणात चढलेली इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके काही दिवसांत झपाट्याने उतरतात. त्यामुळे तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास बहुसंख्य बाळंतिणींना विनाकारण रडू येते, चिडचिड होते, आणि हे बहुधा दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. तुमचे बाळ तीन आठवड्यांचे आहे, म्हणजे ही दोन आठवड्यांची रेघ तुम्ही ओलांडली आहे. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. मात्र ‘सगळ्यांनाच होते, जाईल आपोआप’ हे उत्तर तुम्हाला आता देता येणार नाही, आणि मी ते स्वतःला पाचव्या आठवड्यापर्यंत देत राहिले होते.

अडचण अशी की थकवा आणि नैराश्य ही दोन्ही आतून अगदी सारखी दिसतात. नवजात बाळ चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोपते हे खरे, परंतु ती झोप दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत असते आणि दिवस-रात्रीचा फरक त्याला अद्याप कळत नसतो. अंगावर पिणारे बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पिते. दहा वेळा धरले आणि पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा झोपवणे यांना प्रत्येक वेळी चाळीस मिनिटे धरली, तर जवळजवळ पावणेसात तास निव्वळ याच कामात जातात, आणि उरलेले तास सलग नसतात. मी उशाशी एक वही ठेवली होती आणि तीत प्रत्येक वेळ व बाजू लिहीत असे: ‘उजवी, २.१०’. नंतर ती चाळली तेव्हा तिसऱ्या आठवड्यातल्या एका ओळीत ‘डावी’ एवढे लिहून पुढे पेनाची रेघ पानाच्या कडेपर्यंत घसरत गेलेली दिसली. त्या क्षणी मला झोप लागली असणार, मांडीवर बाळ असताना. हे धोक्याचे होते. विशेषतः सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला घेऊन झोप लागणे फार धोक्याचे असते, म्हणून डोळे मिटू लागले की बाळाला त्याच्या स्वतःच्या, सपाट आणि टणक गादीवर उताणे ठेवावे.

‘बाळ झोपले की तू झोप’ हा सल्ला तुम्हाला आतापर्यंत निदान वीस जणांनी दिला असेल. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्या तुकड्यांतच आंघोळ, जेवण आणि टाक्यांची काळजी उरकायची असते, हे त्यांना आठवत नाही. खरी गरज असते ती चोवीस तासांतून एकदा सलग चार तासांच्या झोपेची, आणि ती कोणीतरी दिल्याशिवाय मिळत नाही. माझा नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, ‘काही मदत हवी का?’ आणि मी रोज म्हणायचे, ‘नको, झालेच.’ आम्हा दोघांचाही यात काही वाईट हेतू नव्हता. परंतु या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी कामांची यादी करावी लागते, आणि तेवढे बळ मला नव्हते. अखेरीस मी त्याला नेमके सांगितले की रात्री नऊ ते एक बाळ तुझे. ते रडले, शी केली, उलटी काढली तरी मला उठवायचे नाही, आणि भूक लागली तर काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने द्यायचे. (काढलेले दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस राहते. एक वाजता मी स्वतः पाजत असे, कारण दूध तयार करणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते आणि रात्रीचे पाजणे पूर्ण बंद केले तर दूध कमी होण्याची शक्यता असते.) तुमच्या घरी हे काम नवरा करील, आई करील, सासूबाई करतील किंवा मैत्रीण करील, ते कोण करते यापेक्षा वेळ ठरलेली असणे आणि त्या वेळात बाळाची जबाबदारी खरोखर दुसऱ्याची असणे महत्त्वाचे आहे.

ही व्यवस्था मी तुम्हाला आजपासून लगेच करायला सांगते, आणि तिचा एक दुसराही उपयोग आहे जो मला आधी ठाऊक नव्हता. पहिल्या रात्री नऊ वाजता मी दुसऱ्या खोलीत जाऊन पडले आणि एकपर्यंत जागी राहिले. बाळ शांत होते. मी भिंतीपलीकडून त्याचा श्वास ऐकू येतो का याचा कानोसा घेत होते. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या व चौथ्या रात्रीही तेच. थकलेल्या माणसाला अंथरूण मिळाले की झोप लागते. मला अंथरूण, वेळ आणि भरवशाचा माणूस तिन्ही मिळूनही ती लागत नव्हती, तेव्हा हा नुसता थकवा नाही हे उमगले. तुम्ही ही चार-पाच रात्रींची झोप घेऊन पाहा. रडू कमी झाले, भूक परत आली, एखाद्या गोष्टीत पूर्वीसारखे मन लागले, तर बरेचसे जागरणाचेच होते असे समजायला हरकत नाही. संधी मिळूनही झोप लागत नसेल, किंवा झोप होऊनही सकाळी तोच काळोख असेल, तर डॉक्टरांची वेळ घ्या. आणि तेवढेही थांबवत नसेल तर थांबू नका.

मी पाचव्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले, तेव्हा मला तेथे दहा प्रश्नांचा एक कागद देण्यात आला. एडिनबरा प्रश्नावली या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. गेल्या सात दिवसांत कसे वाटले याविषयीच्या प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. थकवा, भूक यांसारख्या बाळंतिणीत एरवीही आढळणाऱ्या शारीरिक तक्रारी तीत मुद्दामच मोजलेल्या नाहीत, आणि म्हणूनच ती उपयोगी पडते. तिच्यावरून निदान होत नाही; पुढे बोलण्याची गरज आहे का एवढे ठरते. माझ्या बाबतीत समुपदेशनाच्या काही बैठका पुरल्या. काहींना औषध लागते, आणि स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधे आहेत, त्यामुळे ‘औषध म्हणजे दूध बंद’ या भीतीने कोणी जायचे टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे तेरा टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, प्रामुख्याने नैराश्य. म्हणजे तुमच्यासारख्या आठ जणींत एक.

त्या खोलीत मी आणखी एक गोष्ट सांगितली जी घरी कोणालाही सांगितली नव्हती. जिना उतरताना बाळ माझ्या हातून खाली पडते आहे असे चित्र मला पुन्हा पुन्हा दिसत असे, आणि त्यामुळे मी जिन्याजवळ जाणेच सोडले होते. डॉक्टर दचकल्या नाहीत. असे नकोसे विचार नव्या आयांना सर्रास येतात. त्या विचारांनी आपण भयभीत होतो यावरूनच ती आपली इच्छा नसल्याचे कळते, असे डॉक्टरांनी समजावले. याहून निराळी अवस्था म्हणजे भान सुटणे: नसलेले आवाज ऐकू येणे, विलक्षण संशय, दोन-दोन दिवस झोप न घेताही अंगात संचारलेला जोर. हे हजारांत एक-दोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होते. हे दिसले, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करावीशी वाटू लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे आणि तोपर्यंत बाईला एकटे सोडू नये.

माझी तक्रार एकच आहे. प्रसूती जेथे झाली तेथून निघताना बाळाच्या लसींचा तक्ता मिळाला, वजनाचा आलेख मिळाला, आणि माझ्या वाट्याला टाके दाखवण्याची तारीख आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत प्रसूतीनंतर आई व बाळ या दोघांची किमान चार वेळा तपासणी सांगितली आहे, त्यांतली शेवटची सहाव्या आठवड्यात. तुमच्या भेटीत मनाविषयी कोणी विचारले नाही तर तुम्ही स्वतः विषय काढा.

दुधाच्या चिंतेत मी अकारण फार रात्री घालवल्या, म्हणून तेवढे सांगते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि पहिल्या दिवसांत घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून निघाले असेल, तर बाळाला पुरते आहे. स्तन हलके वाटतात म्हणून दूध आटले असे होत नाही. तापाच्या बाबतीत मात्र धीर धरू नये: तीन महिन्यांच्या आतील बाळाचे तापमान ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरले तर लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

किती दिवस लागतात, याचे उत्तर तुम्हाला आवडणार नाही. बाळांचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरते. म्हणजे तुमच्या घरी ते आणखी वाढण्याचा संभव आहे, आणि तसे झाले तर ते तुमच्या हातून काही चुकल्याने नसेल. ते असह्य झाले तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून दार ओढून घ्यावे आणि पाच-दहा मिनिटे बाहेर बसावे. त्या वेळात रडल्याने त्याचे काही बिघडत नाही. संतापाच्या भरात कोणीही त्याला हलवून गदागदा झटकले तर मात्र मेंदूला इजा होऊ शकते.

माझी वही नवव्या आठवड्यात, एका पानाच्या मध्यावर थांबलेली आहे. शेवटची नोंद ‘डावी, ४.३५’ अशी आहे आणि पुढची पाने कोरी आहेत. नोंदी बंद करायच्या असे मी कधी ठरवले होते, असे मला आठवत नाही.