वाळूजमध्ये जुन्या गाड्यांचं परफॉर्मन्स सस्पेन्शन बनवणारी कंपनी वाढू शकते का?

तुमचं छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत शॉकअप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, जुन्या जीप, पद्मिनी, अँबेसेडर घेऊन हौशी लोक येतात. अमेरिकेत अशा गाड्यांच्या सस्पेन्शनवर मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्या कशा वाढल्या आणि तसं इथे जमेल का, असं तुम्ही विचारलंय. मी वाळूजमध्येच शॉकअपचे पार्ट बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे आधी क्वालिटी आणि मग डेव्हलपमेंट सांभाळलं. जुन्या जीपची कामं आजही घेतो. जमेल, असं माझं ठाम मत आहे. फक्त सुरुवातीला एकच गाडी धरा.

तिकडच्या कंपन्यांकडे नीट बघितलं की हेच दिसतं. इंडियाना राज्यातल्या जॅस्पर या छोट्या गावात ब्रेट व्होल्केल यांनी १९९६ मध्ये एअर राइड टेक्नॉलॉजीज सुरू केली. सुरुवातीचा माल म्हणजे हॉट रॉड (हौसेने फेरफार केलेल्या जुन्या) गाड्यांसाठी हवेच्या स्प्रिंगा, म्हणजे उभी असताना गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसावी आणि चालवताना वर उचलता यावी. पुढे गिऱ्हाइकाला दिसण्याबरोबर गाडी वळणावर नीट चालायलाही हवी होती, तेव्हा कंपनी कॉइलओव्हर (स्प्रिंगच्या आतच बसणारा शॉकअप), कंट्रोल आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा), अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी सळई) असा पूर्ण संच देऊ लागली आणि राइडटेक नावाने ओळखली गेली. २०१९ मध्ये शॉकअप बनवणाऱ्या फॉक्स फॅक्टरीने ती विकत घेतली. डेट्रॉइट स्पीड ही अशाच गाड्यांचं सस्पेन्शन बनवणारी दुसरी कंपनी. जनरल मोटर्समध्ये काम केलेल्या टकर दांपत्याची, पुढे होली या गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे गेली.

या दोन्ही कंपन्यांच्या संचांमध्ये १९६७ ते १९६९ च्या शेव्हरले कॅमेरोला मोठी जागा आहे. तीन वर्षांत ती जवळपास ७ लाख निघाली. फायरबर्ड आणि नोव्हा या त्याच काळातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांची पुढची रचना बऱ्याच अंशी तिच्यासारखीच. म्हणजे एका गाडीचं मोजमाप एकदा व्यवस्थित घेतलं, एक फिक्स्चर (पार्ट दर वेळी त्याच मापात धरणारा साचा) बनवलं, की तोच संच हजारो गाड्यांना बसतो. येईल त्या गाडीला वेगळा शॉकअप बनवून देणारा कारागीर कितीही हुशार असला तरी त्याचं वर्कशॉप वर्कशॉपच राहतं. नवीन गाडी आली की त्याची मेहनत पुन्हा शून्यापासून सुरू होते.

आपल्याकडे या हिशोबात बसणाऱ्या गाड्या आहेत, आणि हीच मला सगळ्यात आशेची गोष्ट वाटते. अँबेसेडर १९५७ पासून २०१४ पर्यंत निघाली. पद्मिनीचा वंश फियाट ११०० चा, आणि ती २००० पर्यंत चालली. इतक्या वर्षांत इंजिन बदललं, डॅशबोर्ड बदलला, पण मूळ सांगाडा तोच: पद्मिनीला पुढे विशबोन (त्रिकोणी आर्म) आणि कॉइल, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), अँबेसेडरला पुढे टॉर्शन बार (पिळली जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे पाटे. महिंद्राच्या जुन्या जीपना चारही बाजूंना पाटे. मला विचाराल तर जीपपासून सुरू करा. मराठवाड्यात ती अजून शेतात, वाड्यात उभी आहे, तिचा मालक तिच्यावर खर्च करायला तयार असतो, आणि पाट्याच्या गाडीत फरक पहिल्याच फेरीत जाणवतो. जीप जमली की जिप्सी घ्या. तिलाही चारही बाजूंना पाटे आहेत आणि रॅलीवाले गिऱ्हाईक आयतं मिळतं. पद्मिनी नंतर.

आता खरं काम. तुमच्याकडे येणारा माणूस "कडक करून द्या" एवढंच म्हणतो. कडक म्हणजे किती, हे कंपनीला आकड्यात सांगता आलं पाहिजे. साधी आरामदायी गाडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण १.२ वेळा हलते. वळणावर चपळ हवी म्हणून ती १.७ वर न्यायची तर स्प्रिंगचा रेट, म्हणजे ती ठरावीक दाबायला लागणारा जोर, दुप्पट लागतो, कारण रेट वारंवारितेच्या वर्गाने वाढतो. रेट दुप्पट केला की शॉकअपचं डॅम्पिंगही, म्हणजे हलणं थांबवायची ताकदही, सुमारे १.४ पट करावं लागतं. ते न करता जुनाच शॉकअप ठेवला तर खड्ड्यानंतर गाडी डुलत राहते आणि गिऱ्हाईक स्प्रिंगला नावं ठेवतं.

कॉइलमध्ये तार १२ मिलिमीटरची १३ केली, वेढे आणि व्यास तेच ठेवले, तर रेट ३८ टक्के वाढतो, कारण तारेची जाडी चौथ्या घाताने मोजली जाते. आणि स्प्रिंग आर्मवर कुठे बसते तेही बघावं लागतं. ती चाकापासून आतल्या टोकापर्यंतच्या बरोबर मध्यावर असेल तर चाकाला स्प्रिंगच्या रेटचा फक्त पाव भाग मिळतो. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. वेढे कमी झाल्याने स्प्रिंग कडक होते खरी, पण चाकाची वर-खाली होण्याची जागा संपते आणि स्पीडब्रेकरवर गाडी थेट बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडणीवर) आदळते.

जीपच्या पाट्यांचा प्रश्न निराळा. जुन्या जाड संचात पाट्यापाट्यांतलं घर्षणच बरंचसं डॅम्पिंग करत असतं. गंज चढला की गाडी लाकडासारखी होते, ग्रीस घातलं की डुलायला लागते. त्यामुळे दोन जीप कधीच सारख्या चालत नाहीत. मधे जाड आणि टोकांना निमुळते असे कमी पाटे, म्हणजे पॅराबोलिक संच, दिले की हे घर्षण जवळपास जातं, चाल मऊ होते, आणि मग सगळी जबाबदारी शॉकअपवर येते. म्हणून पाटे आणि शॉकअप एकाच पेटीत, एकमेकांसाठी जुळवून विका. सोबत शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश आणि पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्टही द्या. सुटं विकलं की बाहेरचा मिस्त्री अर्धं बदलतो आणि नाव तुमचं जातं.

वाळूजचा फायदा इथेच आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्लांट इथे आला, त्याच सुमारास एन्ड्युरन्स उभी राहिली आणि पुढे दुचाकीच्या सस्पेन्शनमधली देशातली मोठी कंपनी झाली. रॉडचं ग्राइंडिंग, हार्ड क्रोम, ट्यूब, सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले) पिस्टन, ऑइल सील, पावडर कोटिंग, यातलं प्रत्येक काम करणारा माणूस तुम्हाला मोटारसायकलवरून जाता येईल एवढ्या अंतरात सापडेल. दुचाकीचा रॉड जीपला बारीक पडतो, पण प्रक्रिया त्याच आहेत. अडचण लॉटची. लाखांच्या ऑर्डरवर जगणारा प्लेटिंगवाला तुमच्या पन्नास रॉडसाठी प्लेटिंगची टाकी थांबवत नाही. यावर उपाय म्हणजे सगळ्या मॉडेलना रॉडचा व्यास, पिस्टन आणि सील एकच ठेवायचं. बदलायची फक्त लांबी, टोकाचे आय-बुश आणि आतल्या पातळ शिमची (तेलाचा प्रवाह अडवणाऱ्या चकत्यांची) रचना. पन्नासाची ऑर्डर मग पाचशेची होते.

पाट्यांसाठी मात्र जालन्याकडे बघू नका. तिथली स्टीलची बाजारपेठ प्रामुख्याने बांधकामाच्या सळईची. तुम्हाला ईएन-४५ किंवा सप-९ जातीचं स्प्रिंग स्टील लागेल, आणि त्याचं हार्डनिंग-टेम्परिंग सर्टिफिकेटसह करून घ्या.

मोजमाप आणि प्रोटोटाइपसाठी वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, नव्या उद्योगांसाठी सीएमआयए या मराठवाड्यातल्या उद्योजकांच्या संघटनेने उभं केलेलं मॅजिक हे केंद्र आहे. त्यांच्याशी बोला. पण डॅम्पर डायनो, म्हणजे वेगानुसार शॉकअप किती जोर लावतो ते दाखवणारं यंत्र, शक्य तितक्या लवकर स्वतःचं घ्या. हाताने दाबून शॉकअप पास करणं दुरुस्तीत चालतं, कंपनीत नाही. प्रत्येक पेटीत त्या शॉकअपचा आलेख छापून ठेवलात तर पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक न बघता पैसे पाठवेल.

चाचणीसाठी आपल्यासारखा मुलूख नाही. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात खचतो, आणि त्या लांब लाटांवर कच्चा शॉकअप लगेच उघडा पडतो. कन्नडचा औट्रम घाट वळणं आणि उतार दोन्ही देतो. समृद्धीच्या काँक्रीटवर ठरावीक वेगाने गेलं की बारीक थरथर कळते. अमेरिकन संच गाडी खाली बसवतात, तुम्ही उंची मूळचीच ठेवा. इथल्या स्पीडब्रेकरला दुसरा इलाज नाही.

कायद्याचं पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी बनवणाऱ्या कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा फेरफार चालत नाही. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. त्यामुळे वेल्डिंग नाही, चेसिसला नवं भोक नाही, सगळं मूळच्या बोल्टवर बसणारं आणि काढून परत मूळचं लावता येणारं. संच बाजारात आणण्याआधी त्याचं ड्रॉइंग घेऊन आरटीओत जा आणि काय चालेल ते विचारून घ्या. तुमच्याकडे सध्या कोणत्या मॉडेलची जीप जास्त येते ते कळवा, म्हणजे पाट्यांच्या मापाबद्दल नेमकं सांगता येईल.