केळीच्या खांबावर परदेशात संशोधन करू इच्छिणाऱ्या भावास सविस्तर उत्तर

भाऊ, सप्रेम नमस्कार. जळगावच्या विद्यापीठात तुमची भौतिकशास्त्राची एम.एस्सी. पूर्ण होत आली आहे, घरी रावेर तालुक्यात केळीबाग आहे, आणि गणित, भौतिकशास्त्र, मटेरियल सायन्स, जीवशास्त्र व शेतमालाचे उपपदार्थ या सगळ्यांना जोडणारे संशोधन युरोपात करण्याची इच्छा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. विषय कोणता धरावा, कोणत्या मार्गाने यावे आणि त्यासाठी कर्ज काढून जर्मनीत दुसरी मास्टर्स करावी का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी यावल तालुक्यातली असून जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये पॉलिमरवर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंवर, काम करते, म्हणून जर्मनीपुरते उत्तर देते.

कर्जाचे आधी सांगते, कारण त्यात घरच्यांचा पैसा गुंततो. ते आत्ता काढू नका. इथे विज्ञानशाखेत पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा किंवा संस्थेचा पगारी कर्मचारी असतो. त्याला सरकारी वेतनश्रेणीतील तेराव्या श्रेणीनुसार पगार मिळतो आणि जाहिरातीत जागा पूर्ण वेळेच्या ५०, ६५ किंवा १०० टक्के अशी नमूद केलेली असते. तो टक्का नीट वाचा. करार अर्धवेळेचा असला तरी प्रयोगशाळेत दिवस पूर्णच जातो, असे धरून चाला. विद्यार्थी म्हणून येणाऱ्याला सप्टेंबर २०२४ पासून वर्षाच्या खर्चासाठी ११,९०४ युरो बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा बँक खात्यात, दाखवावे लागतात. पगाराचा करार हाती असेल तर सहसा त्या खात्याची गरज पडत नाही. दुसरी मास्टर्स करण्यात आणखी एक अडचण आहे आणि ती पुष्कळांना उशिरा कळते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेतील पीएच.डी.च्या जागांसाठी अट अशी आहे की, नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत उमेदवार त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा. जर्मनीत दोन वर्षे मास्टर्स केलेल्या मुलाला जर्मनीतल्याच या जागा बंद होतात, आणि जळगावहून थेट अर्ज करणाऱ्याला त्या खुल्या असतात. म्हणून भारतातील एम.एस्सी.च्या बळावर वर्षभर नेटाने अर्ज करा. तेवढ्याने काही हाती लागले नाही तरच मास्टर्सचा विचार करा.

आता विषयाचे. पाचही विषयांत रस आहे असे अर्जात लिहिले तर वाचणाऱ्या प्राध्यापकाला ते एक ना धड भाराभर चिंध्या वाटेल. एकाच वस्तूबद्दलचा एकच प्रश्न घ्या. तो खरा असला तर उरलेले विषय आपोआप त्यात ओढले जातात. माझ्या कामाजवळचे उदाहरण देते. कापसातून किंवा केळीच्या खांबातून स्वच्छ केलेले सेल्युलोज (वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतील तंतुमय द्रव्य) सुमारे ६४ टक्के गंधकाम्लात ४५ अंश सेल्सिअसला ठेवले की त्याचा अव्यवस्थित भाग विरघळतो आणि कडक स्फटिक उरतात. त्यांची लांबी साधारण १०० ते २०० नॅनोमीटर आणि जाडी काही नॅनोमीटर असते. त्यांच्यावर सल्फेटचा ऋणभार बसतो, त्यामुळे ते पाण्यात एकमेकांपासून दूर राहतात. ही जैविक द्रव्याची बाजू झाली. आता लार्स ऑन्सागर यांनी १९४९ साली दिलेला सिद्धांत पाहा. लांबट, कडक कणांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की त्यांच्यात कोणतेही आकर्षण नसतानाही ते एका दिशेत लागतात, कारण वळण्याचे स्वातंत्र्य सोडले की सरकायला जागा मिळते आणि एकूण एन्ट्रॉपी, म्हणजे कणांना शक्य असलेल्या मांडण्यांचे माप, वाढते. शेतात विस्कटून टाकलेल्या पऱ्हाट्या आणि त्यांचीच बांधलेली मोळी यांतला जागेचा फरक तुम्ही लहानपणापासून पाहिला आहे. गणित त्याच जागेचे आहे. १९९२ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवले की सेल्युलोजचे हे स्फटिक नुसते एका दिशेत लागत नाहीत, तर थराथराने वळत मळसूत्रासारखी रचना करतात. हे स्फटिक मिसळलेले पाणी सुकवले की रंगद्रव्य न घालताही चमकदार रंगाची पातळ फिल्म मिळते. आफ्रिकेतील पोलिया कॉन्डेन्साटा नावाच्या वनस्पतीच्या फळाचा झळझळीत निळा रंगही पेशीभित्तिकेतील सेल्युलोजच्या अशाच वळत्या थरांतून येतो, हे २०१२ साली सिद्ध झाले.

प्रयोगशाळेत हे पाहायला फार मोठे यंत्र लागत नाही. बोटाएवढ्या शिशीत ते पाणी ठेवून काही दिवसांनी ती एकमेकींना काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझर काचांमध्ये (प्रकाशाचे एकाच दिशेतले कंपन पलीकडे जाऊ देणाऱ्या) उजेडासमोर धरली की विस्कळीत स्फटिकांचा वरचा थर काळा आणि एका दिशेत लागलेल्यांचा खालचा उजळ दिसतो, आणि दोहोंमधली सीमा पट्टीने आखल्यासारखी स्वच्छ असते. वेगवेगळ्या तीव्रतेच्या शिश्यांमध्ये त्या सीमेची उंची मिलिमीटरमध्ये मोजून आलेख काढायचा आणि तो सिद्धांताशी ताडून पाहायचा. तो तंतोतंत जुळत नाही. खऱ्या स्फटिकांची लांबी एकसारखी नसते आणि त्यांच्यावर भार असतो. जिथे आलेख सिद्धांतापासून दूर जातो तिथे खरे काम सुरू होते. तुम्ही सांख्यिकी भौतिकी शिकलेले आहात, त्यामुळे हे काम तुमच्या आवाक्यातले आहे, आणि माझ्या मते तुमचा पाया भौतिकशास्त्राचाच राहावा. रसायनातले आणि जीवशास्त्रातले लागेल तेवढे इथे शिकता येते. सांख्यिकी आणि प्रोग्रॅमिंग मात्र येण्यापूर्वीच पक्के करा.

उपपदार्थांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. शोधनिबंधांत सर्रास 'टाकाऊ' असा शब्द येतो, पण आपल्याकडे सरकीची ढेप आणि दालमिलची चुणी हे दोन्ही जनावरांचे खाद्य आहे. उद्या त्यातून काही महागडे द्रव्य काढायचे ठरवले तर दूधवाल्याच्या गोठ्यात त्याऐवजी काय जाणार, याचा हिशेब त्याच निबंधात असला पाहिजे. इथेही हाच प्रकार आहे. बिअरचे उरलेले धान्य आणि साखरबीटचा चोथा गुरांना घातला जातो, तर सफरचंदाच्या चोथ्यापासून जॅम घट्ट करणारे पेक्टिन काढतात. घड काढल्यावर तोडलेला केळीचा खांब मात्र पुष्कळदा बांधावरच कुजतो, म्हणून तो निवडण्यात अर्थ आहे. त्याच्या वजनाचा बहुतेक भाग पाणीच असते, तेव्हा तो दूरवर वाहून नेणे परवडत नाही आणि प्रक्रिया बागेच्या जवळच करावी लागते. वैशाखातला खांब आणि श्रावणातला खांब सारखा नसतो, हे तुमच्या वडिलांना ठाऊक आहे. युरोपातील प्रयोगशाळा बहुधा बाटलीतले शुद्ध सेल्युलोज विकत घेतात, त्यामुळे कच्च्या मालातील हा फरक मोजून दाखवणारा माणूस त्यांना हवा असतो. तेच तुमचे भांडवल आहे. आणखी एक, खाण्याच्या पदार्थाकडे वळायचे ठरवलेत तर हे ध्यानात ठेवा की १५ मे १९९७ पूर्वी युरोपीय संघात फारसे खाल्ले न गेलेले अन्न विकण्यापूर्वी स्वतंत्र मंजुरी लागते.

अर्ज करताना शंभर प्राध्यापकांना एकच पत्र धाडू नका. ज्यांचे दोन-तीन निबंध तुम्ही खरोखर वाचले आहेत त्यांनाच लिहा, आणि पत्रात त्यांच्या एखाद्या आलेखाबद्दल नेमका प्रश्न विचारा. मुलाखतीत बहुधा तुमच्याच एम.एस्सी. प्रकल्पावर बोलायला लावतात. माझ्या मुलाखतीत एका आलेखातील त्रुटीच्या रेषा (मोजमापातील अनिश्चितता दाखवणाऱ्या) कशा काढल्या, मोजमाप किती वेळा केले आणि एखादा बिंदू वगळला का, यावरच बराच वेळ गेला होता. तुमच्या प्रकल्पातील प्रत्येक आकड्याचे उत्तर तयार ठेवा. शक्य असेल तर त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत किंवा मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काही महिन्यांचा प्रकल्प करा; तिथल्या मार्गदर्शकाच्या शिफारशीला इथे वजन असते.

पुढचा विचारही आत्ताच करून ठेवा. जर्मन कायद्यानुसार विद्यापीठातील मुदतीच्या करारांना सर्वसाधारणपणे पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा आहे, आणि कायमच्या जागा थोड्या आहेत. बरेच जण त्यानंतर उद्योगात जातात, तिथे जर्मन भाषा लागते. प्रयोगशाळेत इंग्रजीवर भागते, पण घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, तिथपासूनच जर्मनचे काम पडते. जळगावात असतानाच निदान पहिल्या दोन पातळ्या पूर्ण करा.

राहता राहिली कागदपत्रे. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असते आणि वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. एका अक्षराच्या फरकानेही इथे खुलासा मागतात. दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिका पासपोर्टशेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर ताडून पाहा, फरक असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील नोंद हे काम या महिन्यातच हाती घ्या, आणि तुमच्या प्रकल्पाचा दोन पानांचा इंग्रजी सारांश मला पाठवा. मी वाचून सुधारणा कळवते.